झिपऱ्या अजून घरी आला नाही

या, असे जरा जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढं यावं, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. एका माणसाच्या डोक्यावरचे केस गेले आणि त्या केसांपायी आईच्या दारातून त्याचं नाव जायची वेळ आली, त्याची ही गोष्ट. हसू आलं तर खुशाल हसा, तोही हसायचा. देवानं माणसाला हसू दिलं ते काय फक्त सुखासाठी?

तर त्याला म्हणत झिपऱ्या. आता चाळिशी उलटली, आरशांचं स्वतःचं दुकान आहे, गिऱ्हाइकं शेठ म्हणतात. पण गल्लीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून झिपऱ्याच. हे नाव ठेवलं आईनं. लहानपणी केसच तसे होते, कंगवा आत शिरला की बाहेर यायचं नाव नाही. एकदा म्हणे कंगव्याचा दात मोडून आतच राहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी डोक्यावर टपली मारली तेव्हा बाहेर पडला. दिवसभर नदीत डुंबायचं आणि दिवे लागले की ओल्या डोक्यानं घर गाठायचं, हा त्याचा नेम. आई दारातच टॉवेल घेऊन उभी. "आलास मेल्या? शिंका देत बसशील आता रात्रभर!" असं म्हणत ती त्याचं डोकं असं खसाखसा पुसायची की मानेचा खिळा ढिला व्हावा.

बापाचं डोकं मात्र लख्ख. आरसे विकता विकता बापाच्या डोक्याचाच आरसा झाला होता. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "शेठ, हा केवढ्याला?" बाप काच कापता कापता मान वर न करता म्हणायचा, "हा विकाऊ नाही. यात आमची मंडळी तोंड बघतात." आई आतल्या खोलीतून ऐकायची आणि लाजायची.

बाप गेला, दुकान मुलाकडे आलं, आणि तिशी ओलांडल्यावर दुकानाबरोबर बापाचं डोकंही यायला लागलं. आधी कपाळ वर सरकलं, मग भोवऱ्यापाशी नाण्याएवढी मोकळी जागा झाली. ती नाण्याची वाटी झाली, वाटीची बशी झाली. बाकीच्यांना आपली टाळू दिसत नाही हे देवाचे उपकार. आरशाच्या दुकानात तो उपकार नाही. पुढं आरसा, मागं आरसा, मध्ये आपण. मापाची काच उचलायला वाकावं तर समोर आपलीच बशी. पण त्याचं काही अडलं नव्हतं. बायको म्हणायची, "डोक्यावर छप्पर नसलं तरी चालेल, घरावर आहे ना?" आणि तो म्हणायचा, "छप्पर गळतंय तेही सांगू का?" संसार चालला होता.

मग आई विसरायला लागली.

आधी चष्मा विसरली, मग चष्मा असतो हेच विसरली. डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार, हळूहळू वाढेल, तिला दटावू नका. कुणी दटावलं नाही. पण एका संध्याकाळी तो दुकान बंद करून घरी आला, खुर्चीत टेकला, डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली; आणि आई पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी राहिली. तिनं आधी त्याच्या डोक्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"अहो," ती म्हणाली, "पाणी प्या आणि जरा नदीपर्यंत जाऊन बघता का? दिवे लागले. झिपऱ्या अजून घरी आला नाही."

त्यानं पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"आई, अगं मीच झिपऱ्या. हा काय, आलो ना."

आईनं तोंडावर हात धरला. "इश्श! बायकोला आई म्हणताय? कुणी ऐकलं तर काय म्हणेल!" आणि लगेच तिचं हसू विझलं. "थट्टा नको हो. काळोख पडेल. तुम्ही जा ना."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. दिवे लागले की ती टॉवेल घेऊन दारात उभी राहायची, पाय भरून आले तरी हलायची नाही. पावलं वाजली की मान उंच करायची, आणि पावलं दुसऱ्याच्या घराकडं वळली की टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घालायची. तिचं पोर रोज संध्याकाळी नदीत बुडत होतं, आणि ते पोर तिच्या मागं खुर्चीत बसलं होतं.

बायकोनं भिंतीवरचा जुना फोटो काढून दाखवला. दहा-अकरा वर्षांचा पोरगा, डोक्यावर गवताची गंजी. "आई, हे बघा, हा झिपऱ्या आणि हे बसलेत ते तेच, मोठे झालेत." आईनं फोटोवर हात फिरवला, त्यातल्या केसांवर. "हाच," ती म्हणाली. "पण हा आहे कुठं?" मग सुनेला न्याहाळून तिनं मुलाच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, बाई भली आहे, दोन्ही वेळचं करते. पण ती तुम्हाला 'अहो' का म्हणते?"

बायकोनं ऐकलं. त्या दिवसापासून सासूसमोर ती नवऱ्याला "शेठ" म्हणायला लागली. "काय करणार," स्वयंपाकघरात भांडी विसळत ती म्हणाली, "नवरा माझा, पळवला सासूनं. तक्रार कुठं नोंदवू?" म्हणाली आणि हसली, आणि मग नळ मोठा सोडला.

आता याच्या डोक्यात काय आलं असेल? तेच, जे तुमच्या-माझ्याही आलं असतं. टोपी काढली की बाप दिसतो. मग केस आले की झिपऱ्या दिसेल. आईची आठवण पुरती मालवायच्या आत आपण एकदा तरी तिच्या दारात पोहोचायचं, बस्स. बाकी तारुण्य नको, रुबाब नको. आईनं एकदा "आलास मेल्या?" म्हणावं, एवढ्यासाठी त्याला केस हवे होते.

तो त्वचेच्या डॉक्टरांकडं गेला. बाई शांत, बोलणं नीट. भिंगातून टाळू पाहिली आणि समोर बसवून सांगितलं, "हे वडिलांकडून आलेलं आहे, वडिलांचेही असेच गेले असतील. शरीरातल्या एका संप्रेरकानं केसांची मुळं बारीक होत जातात. आजार म्हणून घाबरायचं काही नाही. उपाय आहेत, पण प्रत्येकाला वेळ लागतो."

"कोणते?" त्यानं विचारलं. खिशातली काचेवर खुणा करायची पेन्सिल काढून तो तिच्याशी चाळा करत होता.

"एक, टाळूला रोज लावायचं पातळ औषध. लावायला लागलात की पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतील. घाबरून सोडू नका, ते जुने जात असतात. फरक दिसायला चार-सहा महिने, कधी जास्त. दुसरं, रोज घ्यायची गोळी. गळती थांबते, काहींना नवे केसही येतात. थोड्या पुरुषांना तिचा त्रास होतो. बायकोजवळ जाण्यात अडचण येते, मन उदास होतं. तसं झालं तर लाजू नका, मला सांगा. आणि दोन्ही औषधं थांबवली की मिळालेले केस हळूहळू जातात."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं. तिसरं, रोपण. मागच्या बाजूचे केस सहसा जात नाहीत, ते उचलून पुढं लावतात. पूर्ण दिसायला वर्ष धरा. स्वतःचंच रक्त काढून त्यातला भाग टाळूत टोचतात, तेही आहे. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, मी खात्री देणार नाही. केसांचा टोप आहे. आणि काहीच न करणं हाही एक मार्ग आहे, तो पुष्कळजण घेतात."

त्याचं डोकं गरगरायला लागलं. दुकानात तो गिऱ्हाइकाला असंच सांगायचा, ही काच पातळ, ही जाड, ही घासलेली, ही रंगीत; आणि गिऱ्हाईक असंच गोंधळून बघत राहायचं. आज पहिल्यांदा तो काउंटरच्या पलीकडं बसला होता.

"यातलं लवकर कोणतं?"

"लवकर यातलं काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घाई कसली आहे? लग्नकार्य आहे का घरात?"

तो खाली बघत म्हणाला, "आईला ओळखू यायला हवा मी." डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. तो काय बोलला हे त्यांना कळलं, पण त्यावर कोणतं औषध लिहायचं ते कळलं नसावं. त्यांनी पातळ औषध लिहून दिलं, गोळीचा विचार पुढच्या भेटीत करू म्हणाल्या, आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

औषध घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली, आणि बातमीच्या मागोमाग मेहुणा. हा बायकोचा धाकटा भाऊ. स्वतः रोपण करून आलेला, आणि म्हणून त्यातलं सगळं आपल्यालाच माहीत असल्यासारखा बोलणारा.

"दाजी, औषधबिषध पोरखेळ. रोपण करा. हे बघा!" म्हणून त्यानं मान तुकवली.

झिपऱ्यानं वाकून पाहिलं. "ओळीत लावलेत रे. पेरणी केल्यासारखे."

"ते सुरुवातीला. आता ओळी कुठं दिसतात?"

"मग अजून गोळी का घेतोस?" बायकोनं विचारलं.

"लावलेले टिकतात गं ताई, मधले जुने जातात. त्यांच्यासाठी गोळी."

"म्हणजे पेरणी करूनही राखण चालूच?"

"मग? शेत काय आपोआप पिकतं?"

त्यानंतर जो आला त्यानं आपलं ज्ञान ओतलं. केस कापणारा म्हणाला, तुळतुळीत करा, दाट येतील; दाट काय, होते तेवढेच आले. शेजारच्या काकू कांद्याचा रस लावून गेल्या आणि दोन दिवस दुकानात गिऱ्हाईक शिरेना. कुणी उलटं टांगून घ्यायला सांगितलं, रक्त डोक्यात उतरतं म्हणे. तो सगळ्यांना "हो, हो" म्हणायचा. कोणाचं खरं, कोणाचं खोटं, त्याला काही कळेना. रात्री उशीला डोकं टेकताना ते डोकं आपलं आहे की गावाचं, असा त्याला प्रश्न पडायचा.

शेवटी बायकोनं हात धरून समोर बसवलं. "शेठ, एक काय ते धरा. डॉक्टरांनी दिलंय ते लावा, आणि लावत राहा."

तो लावत राहिला. पण लावतो ते लागू पडतंय की नाही हे कसं कळणार? इथं त्याचा धंदा आडवा आला. आरसेवाल्याचा स्वतःच्या हातापेक्षा आरशावर विश्वास. त्यानं दुकानाच्या मागच्या भागात भिंतीवरच्या आरशासमोर स्टूल ठेवलं. पाठीमागं चाकांच्या घडवंचीवर दुसरा मोठा आरसा उभा केला. स्टुलावर बसलं की पुढच्या आरशात मागचा आरसा, आणि त्यात टाळूची बशी स्वच्छ. खुणेच्या पेन्सिलीनं त्यानं पुढच्या आरशावर बशीच्या कडेकडेनं रेघ मारली. काच कापताना मारतो तशी, हात न हलता. आता कापायचं ते औषधानं.

पहिल्या आठवड्यांत बशी रेघेबाहेर गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि उशीवर मूठभर केस दिसणं वेगळं. तो हबकला. दोन दिवस औषध बंद केलं, तिसऱ्या दिवशी बायकोनं टाकून बोलल्यावर पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी आई दारात, हातात टॉवेल. "अहो, आज नदीला पाणी जास्त आहे का?"

आणि मग एका सकाळी बशी रेघेच्या आत आली.

त्यानं डोळे चोळले. पुन्हा बसला. चांगली करंगळीएवढी आत. दुसऱ्या दिवशीही तेवढीच, चार दिवसांनी आणखी थोडी. त्याला उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला टाळू दाखवली. मेहुण्याला बोलावून रेघ दाखवली, मेहुणा चष्मा पुसून म्हणाला, "दाजी, औषधानं कमाल केली, नाहीतर एवढ्या लवकर कुठं!" बायकोनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला. हाताला जे लागलं ते तिला माहीत. पण नवरा इतक्या दिवसांनी शीळ घालत होता, ती कोण थांबवणार?

त्या संध्याकाळी तो टोपी न घालता घरी गेला. मोठ्या आशेनं आईपुढं उभा राहिला, डोकं थोडं झुकवून.

"अहो," आई म्हणाली, "डोकं काय दाखवताय? झिपऱ्या कुठाय?"

आता गोंधळ बघा. केस आले आणि झिपऱ्या आला नाही! मग आईला काय दिसतं? की आपल्यालाच नाही ते दिसतं? दुसऱ्या सकाळी तो स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ पुढच्या आरशात बघत राहिला. रेघ तीच, बशी आत. दुकानाच्या पुढच्या भागात बायको झाडत होती. झाडता झाडता ती मागं आली आणि सवयीनं घडवंचीला कोपर मारून तिनं मागचा आरसा वीतभर मागं ढकलला, खालचा केर काढायला.

त्याच्या डोळ्यांदेखत पुढच्या आरशातली बशी लहान झाली.

"हे तू नेहमी करतेस?"

"झाडायचं नाही का? काचेचा चुरा पडतो. पाय कापून घ्यायचेत?"

आरसा लांब गेला की रूप लहान होतं. हे त्याच्या बापानं त्याला अक्षर ओळखायच्या आधी शिकवलं होतं. बुटक्याला मोठा दाखवायचा, जाड्याला बारीक दाखवायचा, यावर तर आरसेवाल्याचं पोट. आयुष्यभर जगाला आरशात खेळवणारा माणूस स्वतः आरशात खेळला गेला. कारण काय? त्याला ती बशी लहान व्हायला हवी होती. हवं ते दिसलं की काच कुठं आहे हे कोण बघतं!

त्यानं रेघ पुसली. ओल्या फडक्यानं, बराच वेळ.

आता मेहुण्याला राहवलं नाही. तो माणूस बडबड्या, पण मनानं वाईट नव्हे. दुसऱ्या दिवशी तो एक खोका घेऊन आला. आत केसांचा टोप. चांगल्या कारागिराकडून आणलेला, दाट, काळा, थोडा विस्कटलेला, अगदी फोटोतल्यासारखा. "दाजी, महिने थांबायचंच नाही. आज संध्याकाळी घाला आणि उभे राहा समोर. आईला वाटेल झिपऱ्या आला."

"फसवायचं तिला?"

"तुम्ही झिपऱ्या नाही का? मग फसवणूक कसली?"

बायकोनं टोप नीट बसवून दिला, दोन्ही हातांनी कडा दाबल्या, आणि दोन पावलं मागं सरून म्हणाली, "बाई गं. हा कोण?"

दिवे लागले. आई दारात उभी होती. तो मागच्या दारानं बाहेर पडला, गल्लीला वळसा घालून समोरून आला. पावलं वाजली, आईनं मान उंच केली. तो पायरीशी आला, उजेडात आला. "आई," तो म्हणाला, "मी आलो."

आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. ती दोन पावलं मागं सरली आणि ओरडली, "कोण तुम्ही? कोण पाहिजे? अहो! अहो, बाहेर या, दारात कोणीतरी परका माणूस आलाय!" आणि ती घाईघाईनं दार लावायला लागली. दाराच्या फटीतून तिचे डोळे दिसत होते. असे डोळे त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते, निदान त्याच्याकडं बघताना तरी. केस होते, पण खाली तोंड चाळिशीचं. पोर नव्हे, नवरा नव्हे. तिच्या जगात त्या माणसाला जागाच नव्हती.

त्यानं टोप उपटून काढला. डिंक होता, कातडं ओढलं गेलं, त्याला कळलंही नाही.

दार थांबलं. मग हळूच उघडलं.

"अगं बाई, तुम्ही होतात होय!" आईनं छातीवर हात ठेवला. "केवढी घाबरले मी. हातात काय ते? मांजर आहे का?"

"मांजरच आहे," तो कसाबसा म्हणाला.

"सोडून द्या त्याला. या, आत या." तिनं त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसली. बायको आतल्या दाराशी उभी होती, मेहुणा तिच्या मागं. आई मात्र आता शांत झाली होती. नवरा घरात आला की बाईला येतो तसा धीर तिला आला होता. ती त्याच्या कपाळाकडं बघत राहिली, जिथं डिंकानं लाल झालं होतं तिथं फुंकर घातली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही झिपऱ्याला फार बोलता. नका बोलू. केस काप, केस काप म्हणून मागं लागता त्याच्या. राहू द्या की. चार दिवसांचे आहेत. मी त्याचं डोकं पुसते ना रोज, मला माहीत आहे; केसांखाली कपाळ सगळं तुमचं आहे. अगदी इथून असं." तिनं बोटानं त्याच्या भुवईपासून वर, जिथवर मोकळं होतं तिथवर, सावकाश रेघ ओढली. "मोठा झाला की तुमच्यासारखाच होणार तो. सगळे जाणार. मला बरं वाटतं. तुम्ही कुठं गेलात तरी तुम्ही मला दिसत राहाल."

त्याला वाटलं, आपण इतके दिवस काय पुसायला निघालो होतो? आणि लगेच वाटलं, पण मग मी कुठं? या डोक्यावर बाप बसला आहे, ठीक; मी कुठं बसू? त्याला काही कळेना. खरं सांगतो, त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

"अहो," आई पुन्हा दाराकडं बघायला लागली. "पण तो आला नाही हो अजून."

तो उठला. "आणतो त्याला," म्हणाला. तो पहिल्यांदाच तसं म्हणाला. आजवर तो "मीच तो" असं भांडत होता. आईचा जीव एवढ्यानंच निम्मा खाली पडला. तो मागं मोरीत गेला. तिथं काय करायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. टाळू डिंकानं चिकट झाली होती, ती धुवायला त्यानं नळाखाली डोकं धरलं. गार पाणी कानामागून मानेवर, शर्टाच्या आत. टॉवेल शोधायला हात पसरला तर टॉवेल पुढच्या दारात पडलेला. तसाच, डोळ्यांत पाणी, नाकावरून थेंब गळतायत, चाचपडत बाहेर आला आणि दारात पडलेला टॉवेल उचलून डोक्यावर टाकला.

आणि कोणीतरी तो टॉवेल दोन्ही हातांनी पकडला.

"आलास मेल्या!"

त्याची मान आपोआप वाकली. गुडघे आपोआप टेकले. आईपेक्षा तो आता हातभर उंच होता, खाली बसल्याशिवाय तिचा हात पुरणार नव्हता. टॉवेलाखाली अंधार होता, साबणाचा वास होता, आणि बाहेर आईचा श्वास.

"किती वाट बघायची? काळजाचं पाणी झालं माझ्या. पुन्हा जाशील? जाशील पुन्हा?" प्रत्येक शब्दाबरोबर खसाखसा. म्हातारपणानं हाताची ताकद गेली होती, पण रीत तीच; आधी भोवरा, मग कानामागं, मग मानेवर एक चापट. त्याचं डोकं या हातांना माहीत होतं आणि डोक्याला हे हात.

"नाही जाणार, आई," टॉवेलाच्या आतून तो म्हणाला.

"शिंका देत बसशील रात्रभर." ती पुसत राहिली. त्या लख्ख कोरड्या टाळूवरून टॉवेल फिरत राहिला. मग दमून ती थांबली, हातानं चाचपून पाहिलं, आणि वैतागून म्हणाली, "काय रे तुझे हे केस! किती दाट. वाळता वाळत नाहीत."

आतल्या दाराशी मेहुण्यानं नाक ओढलं. बायको पुढं आली, सासूच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आईनं तिच्याकडं पाहिलं आणि अभिमानानं सांगितलं, "हा माझा झिपऱ्या. बघितलात ना बाई? आला."

"बघितला," बायको म्हणाली. "चांगला आहे."

टॉवेल काढला की पुन्हा "अहो" होतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

त्यानंतरही रोज दिवे लागतात आणि आई विचारते. कधी टॉवेल चालतो, कधी तोही चालत नाही. मग तो बाप होऊन सांगतो, "आलाय, जेवलाय, झोपलाय," आणि ती मान हलवते. टाळूचं औषध तो अजून रोज सकाळी लावतो. कुणासाठी, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो गडबडला. "थोडी टाळू बापाची राहावी, थोडे केस मला यावेत, असं काही होतं का?" त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, औषध तर साधारण तसंच वागतं. सगळे केस कुणाचेच परत येत नाहीत. तो खूश झाला की नाही हे त्यालाच सांगता आलं नाही. दुकानातला मागचा आरसा त्यानं विकून टाकला.

गोष्ट एवढीच. आता घरी जाल, अंघोळ कराल, टॉवेल डोक्यावर घ्याल आणि आत घटकाभर अंधार होईल. तेवढ्या अंधारात त्या दारातल्या माउलीची आठवण काढा. ती सगळं विसरत चालली आहे. तिला आपण तरी धरून ठेवू.